लघवीतील रक्ताचा अंश : अहवाल कसा वाचावा?

शाळेत आरोग्य तपासणी होते. कोणी भरतीसाठी, कोणी वसतिगृहातील प्रवेशासाठी वैद्यकीय दाखला काढतो. अशा वेळी लघवीच्या तपासणीचा एक छापील कागद हाती पडतो. साखर नाही, प्रथिने नाहीत, इथपर्यंत सारे ठीक असते. पुढच्या ओळीत मात्र लिहिलेले असते : 'रक्त – ट्रेस'. ट्रेस म्हणजे अंश, अगदी पुसट खूण.

या एका शब्दावर घरोघरी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही घरांत त्याच रात्री मूत्रपिंड निकामी झाल्याची चर्चा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी मूल सोनोग्राफीच्या रांगेत उभे राहते. इतर घरांत 'उन्हाळी लागली असेल' असे म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते आणि कागद कपाटात जातो. पहिल्या घरात पैसा आणि झोप वाया जाते. दुसऱ्या घरात क्वचित एखादा खरा आजार वेळेवर सापडायचा राहून जातो. दोन्हीकडे एकच गोष्ट कमी पडते. त्या ओळीचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो. पालक हा कागद घेऊन बहुधा प्रथम शिक्षकांकडेच येतात. म्हणून हा विषय आपण मुळापासून पाहू. निदान डॉक्टरच करतील. आपल्याला अहवालाची भाषा तेवढी शिकायची आहे.

मूत्रपिंडातील गाळणी

आपली दोन मूत्रपिंडे मिळून रोज सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्यातला जवळपास ९९ टक्के द्रव पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. हे काम प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या करतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. या गुच्छाच्या भिंतीतून पाणी, क्षार, साखर, युरिया सहज पलीकडे जातात. रक्तातील तांबडी पेशी मात्र सात-आठ मायक्रॉन रुंदीची असते आणि गाळणीची छिद्रे तिच्या सुमारे हजारपट लहान असतात. त्यामुळे निरोगी गाळणीतून तांबड्या पेशी सहसा पलीकडे जात नाहीत.

'सहसा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अगदी धडधाकट माणसाच्या लघवीतूनही चोवीस तासांत काही लाख तांबड्या पेशी बाहेर पडतात. म्हणजे लघवीत रक्तपेशी शून्य असणे हे निरोगीपणाचे लक्षण नव्हे. त्या किती आहेत आणि पुन्हा पुन्हा सापडतात का, हे पाहावे लागते.

अंश म्हणजे किती?

थोडे गणित करू. हे गणित आठवी-नववीच्या वर्गातही करून घेता येईल.

एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. एक मिलिलिटर म्हणजे हजार घन मिलिमीटर. म्हणजे एक मिलिलिटर रक्तात ५०० कोटी पेशी झाल्या. एवढे रक्त एक लिटर लघवीत मिसळले, तर प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये ५,००० पेशी येतील. इतक्या प्रमाणाला रंगातील लालसर झाक डोळ्यांनाही जाणवू लागते.

आता तेच एक मिलिलिटर रक्त घराच्या छतावरच्या ५०० लिटरच्या टाकीत मिसळले असे समजू. ५०० लिटर म्हणजे ५० कोटी घन मिलिमीटर. प्रत्येक घन मिलिमीटरच्या वाट्याला १० पेशी आल्या. टाकीतले पाणी पाहून त्यात काही मिसळले आहे अशी शंकाही कोणाला येणार नाही. प्रयोगशाळेतली पट्टी मात्र जवळपास एवढ्याच प्रमाणाला रंग बदलू लागते. 'ट्रेस' म्हणजे साधारण हे प्रमाण. डोळा जिथे थांबतो, तिथून सुमारे पाचशे पट पुढे ही पट्टी पाहते. म्हणूनच तिचे म्हणणे ऐकावे, पण ऐकताच घाबरू नये.

या गणिताला आणखी एक पैलू आहे. समजा, एखाद्या व्यक्तीच्या लघवीतून दिवसाला ४० लाख पेशी जातात. तिने भरपूर पाणी प्यायले आणि दोन लिटर लघवी झाली, तर घन मिलिमीटरमागे दोनच पेशी येतील आणि पट्टी गप्प राहील. तीच व्यक्ती एप्रिलच्या उन्हात दिवसभर फिरली, पाणी कमी प्यायली आणि लघवी अर्धा लिटरच झाली, तर हे प्रमाण आठ पेशींवर जाईल आणि अहवालात 'ट्रेस' येऊ शकेल. शरीरात काहीच बदललेले नसेल, बदलले असेल ते फक्त पाणी. म्हणून रक्ताच्या ओळीबरोबर 'विशिष्ट गुरुत्व' ही ओळही वाचावी. तिथे १.०२५ किंवा त्याहून जास्त आकडा असेल, तर लघवी घट्ट होती असे समजावे.

पट्टीला नेमके काय दिसते?

लघवी तपासण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर रंगीत चौकोन चिकटवलेले असतात. बुडवून लगेच वाचता येणारी अशी पट्टी साखरेसाठी १९५६ साली अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याच्या संशोधनातून बाजारात आली. पुढे एकाच पट्टीवर अनेक तपासण्या बसवल्या गेल्या.

रक्ताच्या चौकोनात दोन रसायने असतात. एक पेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन देण्यास तयार असलेला पदार्थ. दुसरे टेट्रामिथाइलबेंझिडीन, ज्याचे ऑक्सिडीकरण झाले की रंग येतो. ही दोन्ही शेजारी असूनही गप्प बसलेली असतात. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग, म्हणजे 'हीम', तिथे पोचला की तो उत्प्रेरकाचे काम करतो आणि पिवळा चौकोन हिरवा, मग निळा होत जातो. वाळलेला डाग रक्ताचा असू शकतो का, हे पाहण्यासाठी गुन्हे अन्वेषणातही हाच गुणधर्म वापरतात.

पूर्वी या कामासाठी साधे बेंझिडीन वापरत. ते मूत्राशयाचा कर्करोग निर्माण करते असे सिद्ध झाले आणि ते मागे पडले. लघवीतील रक्त शोधणारे रसायनच लघवीतून रक्त जाण्याचे कारण ठरावे, हा विचित्र योगायोग आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या कपाटात बेंझिडीनची बाटली निघाली, तर तिला हात न लावता तिची रीतसर विल्हेवाट लावण्याची व्यवस्था करावी.

पट्टीचे उत्तर किती खरे, हे ती कशी वापरली यावरही अवलंबून असते. डबीचे झाकण उघडे राहिले की दमट हवेने पट्ट्या बिघडतात. बुडवल्यानंतर ठरावीक सेकंदांनी, बहुतेक पट्ट्यांवर एका मिनिटाने, रंग वाचायचा असतो. पाच मिनिटांनी वाचलेला रंग ग्राह्य नाही. व्हिटॅमिन 'सी'च्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या असतील, तर ऑक्सिडीकरण अडते आणि रक्त असूनही पट्टी 'नाही' म्हणू शकते.

रंग बदलला, पण पेशी दिसत नाहीत

पट्टी रक्तपेशी ओळखत नाही, ती हीम ओळखते. हा फरक लक्षात घेतला की बरेच कोडे सुटते. म्हणून पट्टीवर रक्त दिसले की पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. लघवी फिरत्या यंत्रात घालून गाळ तळाशी बसवतात आणि तो काचपट्टीवर घेऊन पाहतात. अहवालात 'आर.बी.सी. – २ ते ३, प्रति एच.पी.एफ.' असे लिहितात. याचा अर्थ मोठ्या भिंगाखाली एका नजरेत दिसणाऱ्या वर्तुळात दोन-तीन तांबड्या पेशी दिसल्या. अशा वर्तुळात तीन किंवा अधिक पेशी दिसल्या तरच 'लघवीत रक्त आहे' असे म्हणावे, हा डॉक्टरांमध्ये मान्य असलेला निकष आहे. नुसत्या पट्टीवरून तसे म्हणायचे नसते.

पट्टी 'आहे' म्हणते आणि भिंगाखाली पेशी दिसत नाहीत, असे कधी होते?

पहिले कारण तासिकेत शिकवण्यासारखे आहे, ते म्हणजे परासरण. लघवी फार पातळ असेल, तर पाणी तांबड्या पेशींत शिरते, त्या फुगतात आणि फुटतात. हिमोग्लोबिन बाहेर पडते, पट्टी रंगते, पेशी मात्र उरत नाहीत. लघवी घट्ट असेल तर उलट घडते. पाणी पेशीतून बाहेर पडते आणि पेशी मनुकेसारखी सुरकुतते. नमुना बराच वेळ पडून राहिला तरीही पेशी फुटतात. किनवटच्या बाजूच्या गावातून सकाळी घेतलेली बाटली एस.टी.ने नांदेडला पोचून तपासली जाईपर्यंत कित्येक तास जातात, आणि बाहेर ४२ अंशांचे ऊन असते. तेव्हा नमुना दिल्याची आणि तपासल्याची वेळ विचारणे हा खोचकपणा नव्हे. शक्यतो तासा-दोन तासांत तपासणी व्हावी.

दुसरे कारण मायोग्लोबिन. स्नायूंतील या लाल प्रथिनातही हीम असते. स्नायू मोठ्या प्रमाणावर चेंगरले की मायोग्लोबिन रक्तात उतरते, तिथून लघवीत येते आणि लघवी काळ्या चहासारखी दिसते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबफेक झाली, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली या आजाराचे वर्णन केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याने सोसला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली गावेच्या गावे गाडली गेली. ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकलेला माणूस बाहेर काढल्यावर बोलतो-चालतो, म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या लघवीचा रंग पाहावा आणि त्याला लगेच रुग्णालयात पोचवावे, हे आपल्या भागातील प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक असायला हवे.

तिसरे कारण अगदी घरगुती आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायत जी टी.सी.एल. पावडर वापरते, तीही तीव्र ऑक्सिडीकारक असते. तिने धुतलेल्या डब्यात नमुना घेतला, तर रक्त नसतानाही चौकोन रंगू शकतो. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचे रक्त नमुन्यात मिसळते. पाळी सुरू असताना ही तपासणी करू नये. करावीच लागली, तर तशी नोंद कागदावर असावी.

आणि याच्या उलटही घडते. लघवी लाल दिसते, पण पट्टी 'रक्त नाही' म्हणते. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन घेणाऱ्यांची लघवी नारिंगी-लाल होते. औषध बंद करण्याचे ते कारण नव्हे.

रक्त आले कुठून?

भिंगाखाली पेशी पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणजे रक्त खरेच येत आहे. आता ते मार्गात कुठे मिसळले हा प्रश्न येतो. मूत्रपिंड, तिथून खाली येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि शेवटची मूत्रनलिका असा हा मार्ग आहे.

रक्त गाळणीतूनच येत असेल, तर पेशी चिंचोळ्या जागेतून रेटल्या गेल्याने वेड्यावाकड्या होतात. कधी नळीच्या साच्यात बसलेल्या पेशींच्या कांड्याही दिसतात. सोबत प्रथिने जातात, चेहऱ्यावर आणि पायांवर सूज येते, रक्तदाब वाढतो. शाळकरी वयात याचे ओळखीचे कारण म्हणजे घसा दुखून किंवा अंगावर पुळ्या-खरजेचे फोड पिकून गेल्यानंतर एक ते सहा आठवड्यांनी येणारा मूत्रपिंडदाह. स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना तयार झालेले प्रथिनांचे पुंजके गाळणीत अडकतात आणि तिथे दाह होतो. सकाळी डोळे सुजलेले आणि लघवी काळ्या चहासारखी, अशी तक्रार मुलाने केली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, पण मधल्या काळात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

रक्त गाळणीच्या खालून येत असेल, तर पेशी गोल, सुबक राहतात. सोबत जळजळ, ताप आणि अहवालात 'पस सेल्स' वाढलेल्या असतील, तर जंतुसंसर्गाची शक्यता. कुशीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ असेल, तर मूतखड्याची शक्यता. चाळिशीपुढच्या व्यक्तीला काहीही न दुखता लघवीतून उघड लाल रक्त गेले आणि आपोआप थांबले, तर ते थांबले म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. शाळेत मुलाचा अहवाल समजावून सांगताना समोर बसलेल्या वडिलांना हे वाक्य ऐकवले, तर ते वाया जाणार नाही.

आपल्या भागातील कारणे

मराठवाड्यातील उन्हाळा आणि पाणीटंचाई यांचा लघवीशी थेट संबंध आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. पाणी मोजून वापरायची वेळ आली की माणूस ते पितोही मोजून. घामावाटे पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यातील कॅल्शियम व ऑक्झॅलेट विरघळलेले राहू शकत नाहीत. साखरेच्या संपृक्त पाकात स्फटिक धरतात, तसे खडे धरू लागतात. बोअरचे जड पाणीच मूतखड्याला कारण, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण पाण्याचा जडपणा एकटा दोषी ठरत नाही. पाणी पोटात किती जाते, याला जास्त महत्त्व आहे. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे असे सांगतात. खड्याच्या भीतीने दूध बंद करणे तर उलटे ठरू शकते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते. टोमॅटोच्या बियांचा खडा होतो ही समजूतही निराधार आहे.

नांदेड आणि लातूर ही परीक्षांच्या तयारीची शहरे आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर पोचला आहे. हजारो मुलेमुली येथे खोल्या करून राहतात, पहाटेपासून शिकवण्यांना जातात आणि एका बाकावर तासन् तास बसतात. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे ही त्यांची सवय बनते. मुलींच्या बाबतीत तर ती सवय नव्हे, सक्ती असते. स्वच्छतागृह घाण असते, दाराला कडी नसते, नळाला पाणी नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुलींची मूत्रनलिका आखूड असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. रोखून धरलेल्या लघवीत त्यांना वाढायला वेळ मिळतो. अशा वेळी अहवालातील 'ट्रेस'चे मूळ शरीरात जेवढे असते, तेवढेच शाळेच्या इमारतीत असते.

पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे धावणारी मुले गावोगावी दिसतात. लांब धावल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लघवीत रक्तपेशी सापडणे ही ओळखीची बाब आहे. विश्रांती घेतली की त्या नाहीशा होतात. वैद्यकीय तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत जोरकस सराव टाळावा, हे अशा मुलांना सांगून ठेवावे. दोन दिवसांनंतरही रक्त दिसत राहिले, तर मात्र धावण्यावर खापर फोडू नये.

विदर्भाला लागून असलेल्या किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक कारण ध्यानात ठेवायला हवे. ते म्हणजे सिकलसेल. या आनुवंशिक दोषात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. मूत्रपिंडाच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि क्षारांची दाटी जास्त, म्हणजे पेशी वाकायला अनुकूल अशीच परिस्थिती असते. तिथल्या बारीक वाहिन्या तुंबतात आणि लघवीतून रक्त जाते. एरवी धडधाकट असलेल्या वाहकातही असे घडू शकते आणि बहुधा काही दुखत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात या दोषाची तपासणी केली जाते.

शेतशिवारात घोणस चावली, तर तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येणे ही धोक्याची खूण आहे. तिथे अहवालाची वाट पाहायची नसते. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तत्काळ जायचे असते.

गिमवीची गोष्ट

लघवीतील रक्ताचा माग काढत गेल्यावर काय हाती लागू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आफ्रिका आणि पश्चिम आशियात शिस्टोसोमा नावाचा कृमी मूत्राशयाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याची टोकाला काटा असलेली अंडी मूत्राशयाची भिंत भेदून बाहेर पडतात आणि लघवीतून रक्त जाते. १८५१ साली थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराला कैरो येथे हा कृमी सापडला. भारतात हा रोग मूळ धरून असल्याचे ठाऊक नव्हते. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात तो असल्याचे दाखवून दिले. या कृमीला माणसात येण्यापूर्वी गोड्या पाण्यातील गोगलगाय लागते. गिमवीत फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली, टोपीसारख्या शिंपल्याची गोगलगाय ते काम करत असल्याचे पुढे आढळले.

मराठवाड्यात कोणी हा कृमी शोधत बसू नये. या गोष्टीतून घ्यायचा आहे तो विचार. एका मुलाच्या लघवीत रक्त दिसले, तर कारण त्या मुलात शोधायचे. एकाच गावातील, एकाच पाणवठ्यावरच्या अनेक मुलांत दिसले, तर पाणी आणि परिसर तपासायचा. शिक्षकाला शेकडो मुले एकत्र दिसतात, म्हणून हा फरक त्याच्या लक्षात सर्वांआधी येऊ शकतो.

एकदा की पुन्हा पुन्हा?

फिनलंडमध्ये सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांच्या लघवीचे प्रत्येकी चार नमुने तपासले गेले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरातील सुमारे चार मुलांच्या किमान एका नमुन्यात रक्त सापडले. दोन किंवा अधिक नमुन्यांत ते सापडले असे पाहिले, तर शंभरात एकच मूल उरले. ५०० मुलांच्या शाळेला हा हिशेब लावला, तर २० घरांत काळजी पसरेल, आणि पुन्हा तपासल्यावर त्यातील १५ घरांची ती दूर होईल. उरलेल्या पाच मुलांकडे नीट लक्ष देता येईल. पुन्हा तपासणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे.

म्हणून मुलाच्या अहवालात फक्त 'ट्रेस' असेल आणि मूल खेळते-खाते असेल, तर पुढील क्रम ठेवावा. आदल्या दोन दिवसांत दमवणारा व्यायाम नको. पाणी नेहमीसारखे प्यावे. सकाळी जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ, कोरड्या डबीत घ्यावी आणि लवकर पोचवावी. पट्टीबरोबर सूक्ष्मदर्शकाची तपासणी मागावी. काही दिवसांच्या अंतराने असे दोन-तीन नमुने पाहावेत. प्रत्येक वेळी पेशी दिसल्या, तर डॉक्टर रक्तदाब, प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी पाहतील. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील शासकीय वैद्यकीय केंद्रे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, तर असे अहवाल त्यांनाही दाखवावेत.

मात्र काही परिस्थितींत पुन्हा तपासण्याच्या नावाखाली थांबू नये : डोळ्यांना दिसणारे रक्त, चेहऱ्यावर सूज, रक्तदाब वाढणे, लघवी अगदी कमी होणे, तापासह कुशीत दुखणे, सर्पदंश किंवा ढिगाऱ्याखाली चेंगरणे. रक्तासोबत प्रथिनेही 'आहेत' असे लिहिलेले असेल, तर तो अहवाल लवकर डॉक्टरांना दाखवावा. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार किंवा लहान वयात बहिरेपण असेल, तर तेही आठवणीने सांगावे. काही आनुवंशिक दोषांत या दोन गोष्टी एकत्र येतात.

वर्गात काय करता येईल?

हा विषय शिकवायला रक्त किंवा लघवी वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही. एक मिलिलिटर लाल शाई नऊ मिलिलिटर पाण्यात मिसळावी. त्यातले एक मिलिलिटर पुढच्या नळीतील नऊ मिलिलिटर पाण्यात, असे सहा-सात वेळा करावे. कितव्या नळीत रंग दिसेनासा झाला हे मुलांना लिहायला सांगावे आणि विचारावे, 'त्या नळीत शाई नाही का?' अंश या शब्दाचा अर्थ त्यांना तिथेच कळेल. बटाट्याच्या फोडीवर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो. उत्प्रेरक म्हणजे काय, हे त्यावरून दाखवता येईल. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात आणि मिठाच्या दाट पाण्यात ठेवल्या की आक्रसतात. तांबड्या पेशींचे लघवीत काय होते, याची कल्पना त्यातून येईल.

आणि एक काम वर्गाबाहेरचे. केरळमधील शाळांत २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याची पद्धत सुरू झाली. त्या घंटेला खर्च येत नाही. पण ती वाजवण्यापूर्वी मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी आहे का, तासाच्या मध्ये उठून जाण्याची परवानगी मागताना मुलीला संकोच वाटतो का, हे पाहावे लागेल. नाहीतर घंटा वाजेल आणि पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच घरी परत जातील. आपल्या शाळेत या तीन प्रश्नांची उत्तरे काय आहेत, हे येत्या सोमवारी मुलींनाच विचारून पाहावे.